पद्मिनीची चासी: उजवी बाजू

१ डिसेंबर

गाडी फैजपूरच्या शेडमध्ये आणली. आणली म्हणजे भाच्यानं आणि मी ढकलली. ही शेड पूर्वी केळी धुऊन खोक्यात भरायला वापरायचे. एका कोपऱ्यात अजून हौद आहे, खाली शहाबादी फरशी, वर पत्रा. आत उजेड चांगला, म्हणून हीच जागा पक्की केली.

गाडी १९७८ची प्रीमियर पद्मिनी. आप्पांनी भुसावळला एका रेल्वेतल्या माणसाकडून जुनीच घेतली होती. मागचं उजवं दार गेली दोन वर्षं उचलून लावावं लागतंय. आम्ही बिजागरीला दोष दिला, पिना बदलल्या, दार तसंच. आज खाली झोपून स्क्रू ड्रायव्हर टोचला तर तो मुठीपर्यंत आत गेला. बिचाऱ्या बिजागरीचा काही संबंधच नव्हता.

पद्मिनीला जीपसारखी वेगळी चासी नसते. बॉडी हीच चासी. पण पुढच्या चाकांकडून मागच्या पाट्यांपर्यंत (म्हणजे कमानी स्प्रिंगांपर्यंत) फ्लोअरच्या खाली पत्र्याच्या दोन लांब पोकळ पेट्या जातात, गॅरेजमध्ये सगळे त्यांनाच चासी म्हणतात. मीही तेच म्हणणार. उजवी चासी पायाच्या फळीपासून पाटीच्या पुढच्या ब्रॅकेटपर्यंत कुजून गेली आहे. कुणीतरी कधीतरी तिच्यावर अँगल ठोकून वरून डांबर फासलं होतं. डांबराखाली गंज सुखानं वाढला.

उघडलेल्या तोंडातून वाटीभर काळी माती निघाली. डिसेंबर उजाडला, पाऊस जाऊन दोन महिने होत आले, आणि माती अजून ओलसर. आपल्या मळ्यातली माती पाणी धरून ठेवते म्हणून कपाशीला बरी, पेटीच्या आत तोच गुण मुळावर येतो. पाणी जायची भोकं तिनंच बुजवली होती.

४ डिसेंबर

जिभाऊ येऊन गेले. मूळचे अमळनेरकडचे, चाळीस वर्षं भुसावळला डेंटिंगचं काम. आता हात थरथरतो म्हणून वेल्डिंग धरत नाहीत, पण कान आणि डोळे शाबूत. त्यांनी गाडीखाली न जाताच चारी दारं एकेकदा उघडून लावली आणि म्हणाले, "भाऊ, गाडी मझारतीन बशी गयी."

मधून बसली. बरोबर आहे. वजन चाकांवर, चाकं दोन टोकांना, आणि मध्ये धरणारी पेटी कुजलेली. मग कमान उलटी होते: दाराच्या वरच्या फटी मिटतात, खालच्या उघडतात. फटी मोजायला मी ड्रिल बिट वापरतोय. फीलर गेज एवढ्या मोठ्या फटींना पुरत नाही आणि पट्टीनं डोळा फसतो. ५ मिमीचा बिट सैल न हलता सरकला की फट ५. मागच्या उजव्या दाराला वर २, खाली ७ भरली. डावीकडे वर साडेचार, खाली पाच. चाकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत डावीकडे २३४० मिमी, कागदावर आहे तेवढंच. उजवीकडे २३३३.

वजन उतरवायला लागलो. बॅटरी, सीटा, पेट्रोलची टाकी (मागे ठिणग्या उडणार, ती शेडमध्येसुद्धा ठेवलेली नाही), इंजिन आणि गिअरबॉक्स. इंजिन ठेवावं की काढावं यावर जिभाऊंशी वाद झाला. त्यांचं म्हणणं, ज्या वजनात गाडी आयुष्यभर राहिली त्याच वजनात तिला शिवावं. पटण्यासारखं आहे. पण चासी कापल्यावर ते इंजिन पुढच्या बाजूला लोंबणार आणि तिथं मला खाली झोपायचं आहे. काढलं. पुढची-मागची काचही काढली, बॉडी जराशी मुरडली तरी काच तडकते.

गाडीवरचा चासी नंबर कापायच्या भागात येत नाही, हे दोनदा पाहून घेतलं. दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण असतं, तिथं नंबर जागेवर नसला तर पुढचं सगळं काम फुकट.

८ डिसेंबर

आज गाडी उचलली. इथं जरा सविस्तर लिहून ठेवतो, डाव्या बाजूला पुन्हा लागेल.

नेहमी घोडी (गाडी टेकवायचा लोखंडी स्टँड) आपण चासीखालीच लावतो. पण चासीच काढायची असेल तर तिच्यावर टेकून चालणार नाही. उरतात दोन जागा: दारांच्या खालची सिलची पट्टी आणि पुढच्या-मागच्या टोकांचे आडवे मेंबर. सिलची पट्टी उभ्या कडेवर भार घेते, पण तिच्याखाली नुसती घोडी लावली तर पट्टी दुमडते. म्हणून बाभळीच्या ठोकळ्यांना करवतीनं खाच पाडली, पट्टी खाचेत बसते आणि वजन तिच्या दोन्ही अंगांच्या पत्र्यावर जातं. ठोकळ्यांखाली आडवे दोन सी चॅनल (सी आकाराच्या लोखंडी तुळया), १०० बाय ५०चे, एक पुढच्या दाराच्या बिजागरीच्या खांबाखाली, दुसरा मागच्या दाराच्या शेवटाला. चॅनल दोन्ही सिलांच्या बाहेर हातभर येतात, त्यांच्या टोकांखाली चार घोड्या. म्हणजे गाडी खाली झोपण्यापुरती मोकळी आणि चारी घोड्या माझ्या डोक्यापासून लांब.

पुढचं आणि मागचं टोक नुसतं टेकवलं, उचललेलं नाही. घोडी हातानं हलेल एवढीच.

लेव्हलसाठी गवंड्याकडून पाण्याची नळी आणली. दीडशे रुपयांची पारदर्शक नळी, आत पाणी, एक टोक भाच्याच्या हातात. सिलच्या चार ठरलेल्या खुणांवर पाणी बघायचं. भाचा आयटीआयला आहे, मोबाइलमध्ये लेव्हलचं ॲप काढून बसला होता. बॉडीवर ठेवलेला मोबाइल त्या एका जागेचा कल सांगतो, चार कोपऱ्यांचा नाही. नळी दोन टोकांची गोष्ट एकाच वेळी सांगते. ॲप खिशात गेलं.

मग चारी बाजूंनी ओळंबे सोडले: पुढच्या मेंबरची दोन भोकं, मागच्या पाट्यांच्या पुढच्या बोल्टची दोन. फरशीवर जिथं टोक आलं तिथं खिळ्यानं बारीक फुली. चार फुल्यांमध्ये दोन कर्ण. एक २,४१८, दुसरा २,४११. सात मिलिमीटरचा फरक, चाकांच्या अंतरात निघाला होता तेवढाच.

११ डिसेंबर

बसलेली कमान सरळ करायचा दिवस. उजव्या सिलच्या मधोमध, दोन दारांमधल्या खांबाखाली, फळी घालून जॅक. एकदम नाही. अर्धा पाव हँडल, मग दाराला बिट, मग चहा. वरची फट २वरून ३ झाली तेव्हा आत कुठंतरी कटकन आवाज आला आणि मी जॅक सोडून दोन पावलं मागे सरलो. गंजाचा पापुद्रा सुटला होता. संध्याकाळपर्यंत वर ५, खाली ५. दार बोटानं ढकललं तर लागलं. आप्पा खाटेवरून बघत होते, त्यांनी ते दार सहा वेळा उघडून लावलं आणि काही बोलले नाहीत.

जॅकच्या जागी ठोकळा गेला, जॅक मोकळा. ज्या जॅकच्या तेलावर गाडी रात्रभर उभी असते त्याच्याखाली मी झोपत नाही.

आता आधार आतून. २५ बाय २५चा चौकोनी पाइप, १६ गेज. प्रत्येक दाराच्या चौकटीत एक आडवा, बिजागरीच्या खांबापासून पलीकडच्या खांबापर्यंत, आणि एक तिरका. बाहेरच्या पातळ पत्र्याला वेल्ड केलं तर तो फाटतो, म्हणून बिजागरीच्या आणि सीट बेल्टच्या बोल्टांवर आधी ८ मिमीच्या पट्ट्या बोल्टनं घट्ट केल्या आणि पाइप त्या पट्ट्यांना वेल्ड केले. पाइप चौकटीच्या आत राहिले पाहिजेत, दार त्यांच्यावरून लागलं पाहिजे. दार हेच माझं गेज आहे, ते काढून कोपऱ्यात उभं केलं तर मी आंधळा.

डावीकडून उजवीकडे जाणारे दोन आडवे पाइप आणि त्यांच्यातला फुलीचा जोड उद्यावर टाकला. रॉड संपला होता आणि पोटात भूक. मला वाटलं, रात्रभरात काय होणार.

१२ डिसेंबर

सकाळी मागचं उजवं दार लागेना.

बिट वर सळकन आत गेला, खाली शिरेचना. वर ७, खाली ३. परवापर्यंत जे मिटलेलं होतं ते आता उलट्या बाजूनं उघडलं. मी आधी टेप काढला, कर्ण मोजले, ते चुकलेले होतेच. पण का? सगळे पाइप पाहिले, एकही वेल्ड सुटलेला नाही. तासभर गाडीभोवती फिरलो. जिभाऊंना फोन केला. ते म्हणाले, "टेपले काय ईचारस, दरवाजाले ईचार." वरची फट उघडली म्हणजे टोक खाली गेलं, मध्य नाही. कोणतं टोक? मागचं उजवं दार, म्हणजे मागचं उजवं.

हौदाचा कोपरा. तिथल्या घोडीचा एक पाय शहाबादीत रुतला होता, फरशीला चंद्रकोरीसारखी चीर. नळी लावून पाहिलं, तो कोपरा ४ मिमी खाली. फरशी उचकटली तर खाली मुरूम नाहीच. चुन्याचा पातळ थर आणि त्याखाली थेट काळी माती, हौदाच्या पाझरानं लोण्यासारखी. बाकी तीन कोपऱ्यांत ती वाळून दगड झालेली आहे. शेड बांधताना ज्यानं पिचिंगचे (फरशीखालच्या दगडी भरावाचे) पैसे वाचवले त्याला माझा नमस्कार. तिथं केळीची खोकी ठेवायची होती, गाडी नव्हे, हेही खरं.

आणि काल तो फुलीचा जोड मारला असता तर बॉडी एवढी मुरडली नसती. एक कोपरा खाली गेला तेव्हा दाराच्या चौकटींनी आपापला आकार बराचसा धरला, पण डावी चौकट आणि उजवी चौकट एकमेकींपासून स्वतंत्र होत्या. दोघींना बांधणारं काहीच नव्हतं. भुकेपायी.

एकच बरं, चासीला अजून कटर लागलेला नव्हता.

१५ डिसेंबर

गाडी परत चाकांवर उतरवली, बाहेर ढकलली आणि चारी कोपऱ्यांची फरशी फोडली. ओला कोपरा दीड फूट खणला, खाली कोरडं लागेपर्यंत. मुरूम, वर पाणी न मारता धुमसानं कुटलेला, मग पुन्हा मुरूम. हौद रिकामा केला, नळ गवंड्याकडून बंद करून घेतला. घोड्यांखाली आता रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर, भुसावळच्या एका वखारीतून आणलेले. एकेक उचलायला दोन माणसं लागतात. घोडीचा पाय चार बोटांच्या जागेवर सगळं वजन देतो, स्लीपर ते आठ-दहा फुटांवर पसरवतो. गाडी रिकामी करूनही अंदाजे पाचशे किलोच्या वर आहे.

दुपारी भरीत झालं. बामणोदची वांगी, पऱ्हाट्यांवर भाजलेली, कळण्याची भाकरी. जिभाऊंनी स्लीपरवर बसून खाल्लं आणि म्हणाले की एवढ्या सागावर गाडी नव्हे, घर उभं राहील. मला तो साग वाटत नाही, साल असावा, पण मी वाद घातला नाही.

१७ डिसेंबर

परत उचलली, परत ५ आणि ५. या वेळी फुलीचा जोड आधी. मग रात्रभर तशीच ठेवली, हात न लावता. सकाळी बिट सरकला. पुढे दर रात्री कामाच्या शेवटी आणि दर सकाळी सुरुवातीला बिट लावायचा असं दारावर खडूनं लिहून ठेवलंय.

एक गंमत. दुपारी तीनला कर्ण मोजले तर १ मिमीचा फरक. सकाळी नव्हता. पश्चिमेचं शटर उघडं, ऊन थेट गाडीच्या उजव्या अंगावर. पोलाद दर मीटरला दर अंशाला सुमारे १२ मायक्रॉन वाढतं. अडीच मीटरला आणि वीस अंशांच्या फरकाला अर्ध्या मिलिमीटरच्या वर. पूर्ण गाडी सारखी तापली असती तर काहीच दिसलं नसतं, कारण स्टीलचा टेपही तेवढाच वाढतो. पण एकच अंग तापलं की गाडी वाकते. शटर बंद केलं, तासाभरात फरक गेला. मोजमाप यापुढे सकाळी आठला, शटर बंद.

२२ डिसेंबर

कापली.

एकदम सगळी नाही. जुनी चासी फ्लोअरला स्पॉट वेल्डनं चिकटलेली आहे. प्रत्येक ठिपका शोधायचा (वायर ब्रशनं घासलं की खळगे दिसतात), ८ मिमीच्या कटरनं फक्त खालचा पत्रा भोकायचा, वरचा फ्लोअर शाबूत ठेवायचा. चौऱ्याऐंशी ठिपके मोजले. सत्तावीस तर शोधावेच लागले नाहीत, पत्रा हातात आला. मधला तुकडा निघाला तेव्हा भाचा दाराशी बिट घेऊन उभा होता. "मामा, पाचच आहे." मी खाली होतो, तोंडावर गंज, तरी हसू आलं.

डाव्या चासीला हातही लावायचा नाही. ती उभी आहे तोवर तिच्यावरून मापं उलटी काढता येतात: पाटीच्या बोल्टचं भोक सिलपासून किती, फ्लोअरपासून किती खाली. पुठ्ठ्याचा फर्मा कापला आणि उलटा करून उजवीकडे धरला.

२५ डिसेंबर

जळगावच्या एमआयडीसीतून २ मिमी सीआरसीए (थंड लाटलेल्या) पत्र्याची नवी पेटी वाकवून आणली. टोपीसारखा छेद, दोन्ही कडांना १८ मिमीची पट्टी. बेंडिंगवाल्यानं पहिली एका अंशानं जास्त वाकवली, लांबीत ती केळीच्या पानासारखी पिळली. दुसरी बरी.

आतून झिंक प्रायमर, कारण बंद झाल्यावर आत हात जाणार नाही. पाणी जायची भोकं मूळच्यापेक्षा मोठी, १२ मिमी, आणि जिथं माती साचली होती तिथं एक जादा.

२९ डिसेंबर

वेल्डिंग सीओटूनं, म्हणजे गॅसच्या आवरणात सरकत्या वायरनं. आर्कनं हा पत्रा जळतो. पट्टीला ८ मिमीची भोकं पाडून त्यातून फ्लोअरला वेल्ड भरायचा, म्हणजे मूळच्या स्पॉटसारखाच जोड. एक पुढे, एक मागे, एक मध्ये, मग हात लागेल इतकं थंड होईपर्यंत थांबायचं. सरळ रेषेत भरत गेलो तर आकसणारा वेल्ड पेटीला धनुष्यासारखी ओढतो. थांबायला सक्ती होतीच म्हणा: शेतीपंपांची लाइट आली की आमचं व्होल्टेज असं पडतं की वायर वितळण्याऐवजी पत्र्यावर टोचत बसते. गहू-हरभऱ्याला पाणी चालू आहे, कुणाला बोलणार. पहाटे साडेपाच ते आठ काम केलं, स्वेटर घालून वरून चामड्याचा एप्रन.

दर दहा भोकांमागे बिट. ५, ५, ५, साडेचार, पुन्हा ५. त्या साडेचारला मी दोन तास थांबलो.

५ जानेवारी

पाटीचं ब्रॅकेट शेवटी. ओळंबा जुन्या फुलीवर नाही, डाव्या बाजूवरून काढलेल्या नव्या फुलीवर टेकवला आणि मगच टाके मारले. कर्ण २,४१८ आणि २,४१७. एका मिलिमीटरसाठी पुन्हा कापणार नाही. कारखान्यातून निघाली तेव्हा कुर्ल्यात तरी कुठं कुणी इतकं मोजलं असेल.

१२ जानेवारी

पाट्या, ॲक्सल, चाकं लावली. गाडी चाकांवर उतरवली, आतले पाइप अजून जागेवर. मग एकेक बोल्ट सोडला. शेवटचा तिरका पाइप निघताना खणकन उडाला, म्हणजे त्याच्यात थोडा ताण होता. मागच्या उजव्या दाराची फट वर साडेचार, खाली सव्वापाच. चाकांमधलं अंतर २३३९. इंजिन चढल्यावर काय होतं ते पुढे.

जिभाऊ आले. त्यांनी बिट मागितला नाही. दार उघडलं, अर्ध्यावर सोडलं, ते आपोआप येऊन लागलं. कान देऊन ऐकलं आणि पुन्हा एकदा सोडलं. "आते बरं शे."

१४ जानेवारी

तिळगूळ खाऊन डावीकडच्या चासीला स्क्रू ड्रायव्हर टोचला. मुठीपर्यंत नाही, पण अर्धा गेला. पाइप, चॅनल, ठोकळे सगळं शेडमध्येच ठेवलंय, स्लीपरही. आप्पांनी त्यातल्या एकावर खाटेऐवजी बसायला सुरुवात केली आहे, तो मागून घ्यावा लागेल.